रत्नपालच्या डिस्कमधले चेहरे

कामठ्यात कोणी म्हातारं माणूस गेलं, की घरचे लोक रत्नपालच्या फोटो स्टुडिओत येत. गेलेल्याने जन्मात कधी वेगळा फोटो काढलेला नसे. गावातल्या लग्नांचे फोटो रत्नपालच काढी. तो आठवून सांगे, अमक्याच्या लग्नात पंगतीत तिसऱ्या बसल्या होत्या. मग कॉम्प्युटरवर त्या गर्दीतून तो चेहरा कापून काढी, मागे निळा रंग भरी, आणि तेरवीआधी फ्रेम तयार होई. कोण कुठल्या लग्नात कुठे उभं होतं, हे त्याला पाठ होतं. या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता.

२०१२च्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर फार अडखळू लागला. रत्नपालने नवी हार्ड डिस्क आणली आणि पडद्यावरचे आठ वर्षांच्या फोटोंचे आठ फोल्डर उचलून तिच्यात टाकले. काम क्षणात झालं. नवी वस्तू आहे, वेगात चालणारच, असं त्याला वाटलं. मग गोंदियाच्या दुकानात नेऊन त्याने कॉम्प्युटर आतून साफ पुसून घेतला.

आठवड्याने गावातला बकाराम आला. त्याची आई रुख्माबाई गेली होती. रत्नपाल लगेच म्हणाला, हिरालालच्या पोरीच्या लग्नात वांगी चिरत होत्या, हसत होत्या. त्याने डिस्क जोडली. फोल्डर उघडेना. दुसराही उघडेना. मग त्याच्या लक्षात आलं. पडद्यावर होते ते फोल्डर नव्हतेच. आतल्या फोल्डरांकडे नेणारे शॉर्टकट होते, त्यानेच कधीतरी सोयीसाठी केलेले. घरं पाडली गेली होती आणि दारावरच्या पाट्या तेवढ्या त्याने जपून आणल्या होत्या.

त्याने गोंदियाला फोन लावला. "अब कुछ नहीं निकलेगा, भैया," दुकानदार म्हणाला.

"काऊन बे, काय होऊन राहिलं?" बकारामने विचारलं.

रत्नपालने लपवलं नाही. बकाराम म्हणाला, "म्हंजे साऱ्या गावालेच पुसलं म्हन तू."

दोघे हिरालालकडे अल्बम पाहायला गेले. तो रत्नपालनेच लावला होता: नवरा-नवरी, मामा, सोयरे. राबणाऱ्या बाया अल्बमात घालायची रीत नव्हती. त्या कॉम्प्युटरातच राहत. हे त्याला ठाऊक होतं, तरी तो पानं उलटत राहिला. एका फोटोत हिरालालच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती, पाठमोरी.

"हे माय व्हय," बकाराम म्हणाला. "हेच मोठं कर."

"चेहरा नाही दिसत, बकाराम."

"तुले नाही दिसत."

तेरवीला तीच फ्रेम पाटावर ठेवली. पहिला माणूस फोटोला लावायला बोटावर गुलाल घेऊन वाकला आणि थांबला. कपाळ कुठे आहे ते त्याला कळेना. शेवटी त्याने पदरावरच बोट टेकवलं. मागचे सगळे तिथेच टेकवू लागले. रत्नपाल रांगेत उभा होता. त्याच्या पुढे बरेच म्हातारे होते; त्यांचेही चेहरे पुसले गेले होते. कोणी मागे वळून पाहिलं, की तो मान खाली घाली.