अण्णांची दोन सिटांची गाडी

गाडी बनवायला घेतली की आधी किस्से जमतात, सुटे भाग नंतर. अंबडच्या एमआयडीसीत बापूच्या गॅरेजमध्ये आमच्या अण्णांची गाडी दीड वर्ष उभी होती. तेवढ्यात किस्से इतके साठले की ते ठेवायलाच एक डिकी लागली असती.

अण्णा माझे शेजारी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला होते, आता रिटायर. तरुणपणी देवळाली कॅम्पात त्यांनी एका साहेबाची लाल, उघडी, दोन सिटांची स्पोर्ट्स कार पाहिली होती. तीच त्यांच्या डोक्यात घर करून बसली. अस्सल गाडी परवडणारी नव्हती. मग ठरलं, हुबेहूब तशी बनवायची: मूळ गाडीचा नकाशा, जुन्या व्हॅनचं इंजिन, फायबरची बॉडी. अट एकच. पहिल्यांदा स्टिअरिंगला हात अण्णांचा लागणार, तोवर कुणीही हात लावायचा नाही.

*

त्या लाल गाडीची मॉडेलं तीन निघाली; त्यातलं एक निवडायला अण्णांनी तिन्हींचे फोटो बायकोसमोर, म्हणजे सुमनवहिनींसमोर ठेवले. वहिनी शाळेतून निवृत्त झालेल्या, वीस वर्षं स्वतः गाडी चालवत शाळेत गेलेल्या. त्यांनी तिन्ही फोटो नीट पाहिले.

"भाजीची पिशवी कुठे ठेवायची?"

"अगं, ही स्पोर्ट्स कार आहे."

"मग खेळाडू काही खात नाहीत का?"

ज्या गाडीत सिटांच्या मागे वीतभर जागा होती, ती पसंत पडली. अण्णा मात्र जगाला सांगतात की बॉनेटची लांबी बघून निवडली.

*

वीज केंद्रात परमिटशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीशिवाय, कुणी मशीनला हात लावत नाही. अण्णांनी ती शिस्त गॅरेजमध्ये आणली. काम सुरू असेपर्यंत बॅटरीला लाल पाटी, आणि काम संपल्यावर अण्णांनी सही करून परमिट बंद केल्याशिवाय वायर जोडायची नाही.

एकदा अण्णा गाडीखाली उताणे झोपलेले. आतून ओरडले, "बापू, बॅटरी जोड, लाइट बघायचाय."

"परमिट बंद केल्याबिगर जोडायची नाय. तुमचाच नियम हाय."

बापूने कागद आणि पेन आत सरकवलं. उताणं झोपून बॉलपेन काही उमटेना. शेवटी अण्णा धुळीने माखून बाहेर आले, सही केली आणि पुन्हा आत जायला वाकले.

बापू शांतपणे म्हणाला, "आता नवीन परमिट लागंल."

*

बॉडीचं काम रफिकभाईंकडे. ते बागांमधले फायबरचे ससे आणि पेंग्विन बनवतात, ज्यांच्या उघड्या तोंडात कचरा टाकतात ना, तेच. हात सफाईदार, पण सवय जाईना. पहिली बॉडी आली ती समोरून हसत होती.

"ही हसतेय," अण्णा म्हणाले.

"अच्छा है ना, अण्णा. बच्चे लोक खूश होतील."

अण्णांनी परत पाठवली. दुसऱ्यांदा आली ती दहावीत नापास झाल्यासारखी. तिसऱ्यांदा रफिकभाई स्वतःच वैतागले होते, तेव्हा कुठे चेहरा गंभीर आला.

*

देवळ्याचे एक कांदेवाले शेतकरी पिकअप दुरुस्तीला घेऊन आले होते. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, आत डोकावले.

"हिच्यात कांदे किती बसतीन?"

"एकही नाही," अण्णा अभिमानाने म्हणाले.

"मंग हाई कसाले शे?"

ही गाडी कशासाठी, हा प्रश्न अण्णांनी त्या संध्याकाळी मलाच विचारला. मी बॉनेटच्या लांबीकडे बोट दाखवलं.

*

आणि मग तो रविवार. एमआयडीसीचे रस्ते मोकळे, गाडी लालभडक, चाकाखाली लिंबू. गाद्या आणि स्टिअरिंग आदल्याच दिवशी बसवलेलं. त्याआधी अण्णा आत बसायचे ते पाटावर, रिकाम्या हाताने गिअर टाकत.

नारळ फुटला. अण्णांनी दार उघडून उजवा पाय आत घातला आणि बसू लागले. पोट स्टिअरिंगला अडलं. श्वास आत ओढला, तरी अडलं. तिरके होऊन पाहिलं, तर गुडघा अडकला. मी आणि बापूने काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं.

नकाशातलं एकेक माप त्यांनी मिलिमीटरपर्यंत पाळलं होतं. तो नकाशा कुण्या सडपातळ माणसाच्या मापाचा होता. दीड वर्षात अण्णांनी सगळं मोजलं, फक्त स्वतःला मोजायचं राहिलं.

अण्णा गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसले. कुणी हसलं नाही. बापू म्हणाला, "सीट मागं सरकवू, आठ दिवस लागतीन." अण्णांनी नकारार्थी मान हलवली. मागची वीतभर जागा त्याला पुरणार नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांचे डोळे भरून आले होते, आणि आम्ही सगळे उगाच टायरकडे बघत होतो.

सुमनवहिनींनी पदर खोचला, चष्मा पुसला आणि सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. माप असं, की जणू त्यांच्यासाठीच शिवलेली गाडी. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. स्टिअरिंगला पहिला हात लागला होता, आणि तो अण्णांचा नव्हता.

वहिनींनी वाकून पलीकडचं दार आतून उघडलं.

"या, बसा. या बाजूला स्टिअरिंग नाही."