रात निघू द्या

परळीत आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीत वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक काका रोज चहाला येतात. बसण्याआधी बाकावर तळहात फिरवून राख लागली का ते बघतात. औष्णिक केंद्रातले जुने वीजसंच बंद झाले, पूर्वीसारखी राख पडत नाही; पण बॉयलरवर उमर गेलेल्या माणसाची सवय कुठली जाते!

त्यांच्या पाळीत रिवाज होता. दुरुस्त केलेला संच पेटला की लगेच पेढे वाटायचे नाहीत. त्यानं न थांबता रात्र काढली तरच सकाळी वाटायचे. आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा सगळी टपरी नाचत होती, आणि यांनी माझा पेढा परत केला.

“रात निघू द्या.”

मला रागच आला. माणसानं इतकं कोरडं असावं? पण तिथली रात्र आपल्या दोन आठवड्यांची. उन्हावर चालणारं यान त्या थंडीत झोपलं, ते उठलंच नाही. 

परवा मी पेपर वाचून दाखवला. चंद्रावरची रात्र काढील अशी वीजयंत्रणा बनवतायत म्हणे.

“तयार हाय का?”

“चाचण्या चालल्यात.”

जुन्या संचांच्या धूर नसलेल्या चिमणीकडं त्यांनी बघितलं.

“माझा पेढा ठिवा. मी नसलो तर तुमी खा. पर सकाळीच.”