फवारणीच्या विमानाचे दोन मॅग्नेटो

त्या प्रकरणातले सर्वांत आधी आठवते ते आमंत्रणपत्र. सोनेरी अक्षरांत छापलेले, लाल फितीने बांधलेले, आणि फिर्यादीच्या तीन दिवस आधी माझ्या टेबलावर येऊन पडलेले. ऐंशीचे दशक संपत आले होते. मी जळगाव परिसरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एक धावपट्टी होती आणि तिच्या कडेला एका खाजगी विमान प्रशिक्षण संस्थेची पत्र्याची मोठी शेड होती. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे जिल्ह्यातले वजनदार पुढारी. त्यांची एकसष्टी जवळ आली होती. पत्रिकेत त्यांचे नाव आणि पदे मिळून अकरा ओळी होत्या. बाराव्या ओळीत लिहिले होते, 'सभामंडपावर विमानातून पुष्पवृष्टी होईल.' मंडप धावपट्टीच्या टोकालाच पडत होता. बंदोबस्तासाठी किती माणसे लागतील एवढाच हिशेब मी केला आणि पत्रिका खणात टाकली.

संस्थेकडे विमाने दोन. एक 'पुष्पक'. पुराणातल्या पुष्पकात कितीही माणसे बसली तरी जागा उरत असे म्हणतात. आमच्या पुष्पकात दोनच बसत, तीही खांद्याला खांदा लावून. पंख कापडाने मढवलेले, इंजिन चार सिलिंडरांचे, नव्वद अश्वशक्तीचे. त्यावर मुले उड्डाण शिकत. दुसरे 'बसंत', पिकांवर औषध फवारण्यासाठी बनवलेले, एका माणसाचे विमान. त्याचे इंजिन आठ सिलिंडरांचे, चारशे अश्वशक्तीचे. ते अध्यक्षांनी लिलावात घेतले होते आणि तीन वर्षे शेडमध्ये उभे होते. वैमानिकाच्या पुढे कीटकनाशकाची मोठी टाकी होती. त्या टाकीत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या आणि अध्यक्षांवर सोडायच्या, अशी कल्पना होती. ती कुणाला सुचली हे शेवटपर्यंत कळले नाही. फसलेल्या कल्पनेला मालक नसतो.

एकसष्टीला पाच दिवस उरले असताना संस्थेचा व्यवस्थापक सकाळी फिर्याद घेऊन आला. बसंतच्या इंजिनाचे दोन्ही मॅग्नेटो चोरीला गेले होते. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारा भाग, आकाराने नारळाएवढा. तो नसला तर इंजिन सुरूच होत नाही. संशय संस्थेच्या मेकॅनिकवर होता.

"त्याच्यावरच का?" मी विचारले.

"दुसऱ्या कुणाला ते काढताच येत नाहीत, साहेब. आणि त्याचं डोकं फिरलंय. आम्हीच त्याला वर आणला, आता आम्हालाच कायदा शिकवतो."

हे 'वर आणला' मी नोकरीत पुष्कळ ऐकले आहे. म्हणणाऱ्याने समोरच्याला कधी वर पाहिलेले नसते. मी गुन्हा नोंदवून घेतला.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. विमानाचे चोरलेले सामान असोद्याला मेकॅनिकच्या घरी आहे, मागच्या पडवीत, सरपणाआड, युरियाच्या पोत्यात. इतके सांगून फोन बंद झाला. खऱ्या खबऱ्याची बातमी नेहमी अर्धी असते. त्याला घर माहीत असते, पण कोपरा माहीत नसतो. कोपऱ्यासकट आणि पोत्यासकट बातमी आली की ती ठेवणाऱ्याकडूनच आली असे समजावे. तरीही बातमी आली की झडती घ्यावी लागते. मी दोन पंच घेतले, आमचे हवालदार घेतले आणि असोद्याला गेलो. हवालदार सोनगीरकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे ठाणे नाना म्हणे.

मेकॅनिक कामावर होता. घरी त्याची आई होती. दोन खोल्यांचे स्वच्छ घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी चौकटीत बसवलेला मुलाच्या परवान्याच्या पहिल्या पानाचा फोटो. पडवीत सरपणाआड युरियाचे पोते निघाले आणि पोत्यातून दोन मॅग्नेटो.

म्हातारी रडली नाही. नाना तिला 'अक्का, बसा' म्हणाले तरी ती बसली नाही.

"साहेब, त्या लोखंडाचं मले काही समजत नाही," ती म्हणाली. "पण हे पोतं माह्या घरचं नाही. आमच्याकडे वावरच नाही, तं युरियाचं पोतं येईन कुठून? माह्या घरी ज्वारीचं पोतं येते, तेही अर्धं."

मी पंचनाम्यात पोत्याचे वर्णन सविस्तर लिहिले. मॅग्नेटोंवरचे क्रमांक उतरवून घेतले, लाखेचे सील केले आणि म्हातारीचे वाक्य तिच्या शब्दांत जबाबात घेतले.

मेकॅनिकला संध्याकाळी चौकशीसाठी आणले. पस्तिशीचा, सडपातळ माणूस. नखांत ग्रीस होते, पण शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती. मी त्याला बसायला सांगितले आणि सरळ विचारले, "मॅग्नेटो तुम्ही काढले?"

"हो साहेब. मीच काढले."

सहसा पहिल्या प्रश्नाला असे उत्तर मिळत नाही. नानांनी माझ्याकडे पाहिले.

"का काढले?"

"ते विमान उडू नये म्हणून. त्याच्या उड्डाणयोग्यतेच्या दाखल्याची मुदत संपून दोन वर्षं झाली. अध्यक्ष म्हणाले, तू कागदावर सही कर, बाहेरून आणलेला वैमानिक सही पाहिल्याशिवाय बसत नाही. मी म्हटलं, मला सही करता येत नाही."

"येत नाही की करायची नाही?"

"दोन्ही." त्याने खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला. "हे बघा. विमानाच्या परवान्यावर नुसतं 'मेकॅनिक' लिहीत नाहीत. विमान कोणत्या जातीचं आणि इंजिन कोणत्या जातीचं, ते लिहितात. माझ्या परवान्यावर पुष्पक आहे आणि पुष्पकचं नव्वद अश्वशक्तीचं इंजिन आहे. बसंत नाही. चारशे अश्वशक्तीच्या इंजिनाला मी हात लावून 'ठीक आहे' म्हणालो तर ते खोटं. सायकलवाल्यानं रेल्वे पास करण्यासारखं."

"मग त्याचे मॅग्नेटो काढायला तरी तुमचा परवाना चालतो का?"

तो पहिल्यांदा थोडा हसला. "उडवायला परवाना लागतो, साहेब. थांबवायला नाही लागत."

"आणि काढून घरी नेले."

"घरी कशाला नेऊ? शेडमधल्या लाल कपाटात आहेत. कुलपात. आमच्याकडे काढलेल्या भागाला लाल चिठ्ठी बांधतात आणि दोषनोंद वहीत लिहितात. काय काढलं, का काढलं, क्रमांक, तारीख, खाली सही. मी लिहिलंय."

"कपाटाची किल्ली?"

"दोन आहेत. एक माझ्याकडे, एक व्यवस्थापकांकडे."

"त्यांना सांगितलं?"

"वही रोज त्यांच्या टेबलावर जाते. रोज सही होऊन परत येते. वाचून होते की नाही, ते विचारायचा मला अधिकार नाही."

मग असोद्याला काय सापडले, असे मी विचारले. तो म्हणाला, मी अजून पाहिलेच नाही, दाखवाल का? पंचांना पुन्हा बोलावून मी सील उघडले. त्याने मॅग्नेटो हातात घेतला, उलटा केला आणि परत ठेवला.

"हा पुष्पकचा जुना. बाद झालेला. भोकं मोजा, साहेब. एका सिलिंडरला एक तार जाते."

मी मोजली. चार होती. दुसऱ्यावरही चार.

"आणि बसंतच्या मॅग्नेटोला?"

"आठ."

मी नानांना मोटारसायकलवरून शेडकडे पाठवले आणि दोषनोंद वही मागवली. व्यवस्थापकाने ती काही न विचारता दिली. ज्या वहीची आपल्याला भीती वाटायला हवी, ती या लोकांना रद्दी वाटत होती. वहीत नोंद होती, तशीच, स्वच्छ अक्षरात. 'दोन्ही मॅग्नेटो काढले. लाल कपाटात ठेवले. विमान उड्डाणास अयोग्य.' खाली मेकॅनिकची सही आणि तिच्याशेजारी व्यवस्थापकाची ऐटदार सही. चोरीची नोंद करून फिर्यादीची त्यावर सही घेणारा चोर मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

वही टेबलावर उघडी होती तेव्हा वरिष्ठांचा फोन आला.

"अटक दाखवली का?"

"नाही, सर. तपास चालू आहे."

"मुद्देमाल मिळाला, संशयित समोर आहे, अजून तपास कसला? अटक करा. उद्या अध्यक्षांचा माणूस त्याला भेटेल, समजावेल. त्यानं ऐकलं तर तक्रार मागे घेतील. कुणाचं नुकसान नाही."

म्हणजे सही कर, नाहीतर गुन्हेगार हो. अटक झाली की परवाना जाणार, आणि त्याच्यासारख्याला तो दुसऱ्यांदा मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत होते. सही केली तर भर मंडपावरून तीन वर्षे उभे असलेले इंजिन जाणार, याचा विचार कुणी केला नव्हता.

माझी नजर वहीवर होती. मी फोन कानाला तसाच ठेवून ठाणे दैनंदिनी ओढून घेतली आणि लिहू लागलो.

"गप्प का?"

"लिहितोय, सर. 'सात वाजून दहा मिनिटांनी वरिष्ठांचा दूरध्वनी. संशयितास अटक करण्याचे तोंडी आदेश. पुढे फिर्यादी पक्षाच्या माणसाची त्याच्याशी भेट घडवून तक्रार मागे घेण्याबाबत...' पुढचं वाक्य आपण नेमकं काय म्हणालात, सर?"

"ते खोडा."

"दैनंदिनीत खोडता येत नाही, सर. आपणच मागच्या तपासणीत शेरा मारलाय, खाडाखोड नको म्हणून."

फोन आपटल्याचा आवाज नानांनाही ऐकू गेला. ते मेकॅनिकसाठी चहा ओतत होते. म्हणाले, "घ्या भाऊ. साहेबनी बदली पक्की शे, तुमना चहा थंडा नका होऊ देऊ."

मेकॅनिकचा जबाब घेऊन मी त्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाचा पुरवणी जबाब घेतला. असोद्याला जप्त केलेले मॅग्नेटो बसंतमधूनच चोरीला गेलेले आहेत, आपण ते ओळखतो, असे त्याने लिहून दिले, सही केली. मग त्याला, मेकॅनिकला आणि पंचांना घेऊन शेडमध्ये गेलो. मेकॅनिकने बसंतच्या इंजिनावरचे झाकण उघडले. मॅग्नेटोच्या रिकाम्या जागेपाशी आठ तारांचा जुडगा लोंबत होता. प्रत्येक तारेला अंकाची चिठ्ठी होती. दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा.

मी जप्तीतला मॅग्नेटो व्यवस्थापकाच्या हातात दिला. "तुम्ही ओळखलात म्हणून विचारतो. आठ तारा या चार भोकांत कशा जातात?"

त्याने मॅग्नेटो उलटासुलटा करून पाहिला. तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. ते मागे येऊन उभे राहिले, बरोबर चौघे-पाच जण. नाना कुणाकडे न बघता म्हणाले, "साहेब, त्यास्ले सांगा, लाईसन दखाडा."

नानांच्या बोलीत 'लाईसन' म्हणजे लावून; पण लावून दाखवणे व्यवस्थापकाला जमणारे नव्हते. मी त्याच्या कमरेची किल्ली मागितली आणि पंचांसमोर लाल कपाट उघडायला लावले. मधल्या फळीवर दोन मॅग्नेटो होते, लाल चिठ्ठ्या बांधलेले. क्रमांक वहीतलेच. भोके आठ-आठ.

व्यवस्थापक तिथेच खोक्यावर बसला. "मला सांगितलं, त्याला दोन दिवस आत ठेवलं की सही करेल," तो म्हणाला. "भंगारातले उचलून ठेव म्हणाले. मॅग्नेटो तो मॅग्नेटो, मला काय माहीत?"

"कोण म्हणाले?" मी विचारले.

त्याने अध्यक्षांकडे पाहिले आणि मान खाली घातली. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "इन्स्पेक्टर, एका मेकॅनिकपायी एवढं?"

"एका सहीपायी, साहेब. मेकॅनिकला तुम्ही मोजत नव्हता. सही तुम्हाला हवी होती."

ते निघून गेले. सोबतच्या माणसांना कोणता चेहरा करावा हे कळेना, तेव्हा तेही गेले.

वरून सूचना अशी होती की तपास बंद करण्याचा अहवाल पाठवताना 'क' समरी पाठवावी, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली. मी 'ब' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, आणि खोट्या फिर्यादीबद्दल कारवाईची शिफारस केली. व्यवस्थापकावर खटला झाला. अध्यक्षांचे नाव त्याने न्यायालयात घेतले नाही. पुढाऱ्यांसाठी माणसे जी किंमत मोजतात ती त्यांना कोण परत देते, हे मला कधी समजले नाही. एकसष्टीला पाकळ्या मंडपाच्या बांबूवर चढलेल्या चार माणसांनी टाकल्या आणि त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या रांगेतल्या पाहुण्यांवर पडल्या.

महिन्याभरात विमान वाहतूक खात्याचा एक अधिकारी तपासणीला आला. त्याने बसंतचे इंजिन उघडायला लावले, सिलिंडरमध्ये पाहिले आणि हात पुसत मेकॅनिकला म्हणाला, "जमीन सोडली असती. मंडपापर्यंत पोचलं नसतं, किंवा नेमकं तिथंच पोचलं असतं." मेकॅनिकचा परवाना कायम राहिला. पुढे त्याने दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग क्लबात नोकरी धरली आणि आईला घेऊन गेला.

माझी बदली धुळ्याच्या नियंत्रण कक्षात झाली. आदेशात कारण होते 'प्रशासकीय'. नानांनी निरोपाचा नारळ दिला आणि भाषण करायचे टाळले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

लोक मला विचारतात, नोकरीत किती वेळा दबावाला नाही म्हणालात. खरे उत्तर असे की तोंडी पुष्कळदा, आणि तोंडी नकार दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही, देणाऱ्यालासुद्धा. नकार लिहावा, त्यावर तारीख घालावी आणि खाली आपले नाव घालावे. हे मला कोणत्याही प्रशिक्षण विद्यालयात शिकवले नाही. एका माणसाने स्वतःच्या परवान्यात नसलेल्या इंजिनाला 'ठीक' म्हणायचे नाकारले आणि तो नकार, वाचणारा कुणी नाही हे माहीत असूनही, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला. त्या संध्याकाळी मी दाखवली ती हिंमत माझी होती असे मी कधी मानले नाही. फोन वाजला तेव्हा त्याची वही माझ्यासमोर उघडी होती, एवढेच.