दाजींचा वन्स मोअर

मराठी संगीत नाटकाची अब्रू भिवंडीतल्या एकाच माणसाने राखली आणि तो माणूस म्हणजे आपण, असं आमच्या दाजींचं ठाम मत होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे पॉवरलूम, म्हणजे विजेवरचे माग, अहोरात्र खडखडत. त्या खडखडाटात उमर गेल्यामुळे त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "हल्लीच्या पोरांच्या गळ्यात दमच न्हाय," एवढंच म्हणत. दाजींना ऐकू येईल तोच खरा गवई. आणि असे गवई दरवर्षी कमी होत चालले होते.

नाटकाला जायचं म्हणजे ठाण्याला. दाजी कडक इस्त्रीचा झब्बा घालत, कानात अत्तराचा फाया खोचत, आणि जीन्स घालून आलेल्या प्रेक्षकाकडे असं बघत की तो बिचारा पाय खुर्चीखाली घेई. तिकीटखिडकीवरचं भांडण ठरलेलं. "पुढच्या रांगेला जास्त पैसे कशाला? नटाची थुंकी उडते, टोपाखालचा डिंक दिसतो. उलट तुम्हीच आम्हाला काहीतरी द्या!" असं सुनावून ते पुढच्याच रांगेचं तिकीट घेत. मग नाटकभर ताईच्या कानात हळूच शेरे मारत. लूममालकाचं हळू बोलणं बाल्कनीपर्यंत पोचे. एकदा रंगमंचावर मरून पडलेल्या राजाने डोळे उघडून त्यांच्याकडे रागाने पाहिलेलं मी स्वतः बघितलं आहे.

मोबाइल नुकते घरोघरी आले होते, त्या सुमाराला एक नवं संगीत नाटक गाजत होतं. फिरता रंगमंच, धूर, नाचणाऱ्या पोरींचा ताफा आणि वाद्यं सगळी आधीच टेप केलेली. तिकीट नेहमीच्या दुप्पट. ताईला ते बघायचंच होतं.

"तो पॉवरलूमचा माल हाय," दाजी गरजले. "आपलं जुनं नाटक म्हणजे हातमाग!"

"आणि आपलं घर कशावर चालतं?" ताईने विचारलं.

हे दाजींना नेमकं ऐकू आलं नाही. मग ताई ओरडून म्हणाली, "तुम्ही नका येऊ. मी भावाबरोबर जाते." एवढ्या वर्षांत ती त्यांच्याशिवाय नाटकाला गेली नव्हती. शिव्या घालायला कोणीतरी हवं, असं म्हणत दाजी आमच्याआधी तयार होऊन बसले.

दुपारचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात टेप बंद पडली, माइकही गेले. धूर तेवढा येत राहिला. मागून "पैसे परत!" सुरू झालं. आता दाजी उठून भाषण करणार, म्हणून मी खुर्चीत खाली सरकलो. तेवढ्यात नायिकेचं काम करणारी तरुण मुलगी पुढे आली आणि साथीशिवायच गाऊ लागली. सगळं थिएटर गप्प झालं. दाजी पुढे वाकले, कानामागे हात धरला. ती समोर हाताच्या अंतरावर होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

"गातेय का गं?" त्यांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदाच ते खरोखर हळू बोलले.

"गातेय."

"कशी?"

टोमणा मारायची अशी संधी ताईला कधी मिळाली नव्हती. तिने त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओळीमागून ओळ सांगत राहिली, त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ताल देत. टाळ्या दिसल्या तसे दाजी उभे राहिले आणि "वन्स मोअर!" म्हणून असे ओरडले की माइकची उणीव भरून निघाली. मुलगी हसली आणि पुन्हा गायली.

परतीच्या एसटीने कशेळीचा पूल ओलांडला. मग दाजी म्हणाले, "पुढल्या रविवारी परत जाऊ. पण नीट सांगत जा. अर्धे शब्द तू खाल्लेस."

ताईने त्यांच्या गुडघ्यावर पुन्हा बोटांनी ताल धरला. दाजी तिच्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले.