सुगंधाकाकीचे हरलेले डाव

सुगंधा सावंत चारकोपला आमच्या खालच्या मजल्यावर राहते. वय साठीला टेकलंय. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असते. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाटल्यांची झाकणं बनवणारं एक युनिट होतं, तिथे ती पॅकिंगला होती. बुद्धिबळ ती तिथेच शिकली, जेवणाच्या सुट्टीत, रिजेक्ट झाकणांवर. राजा म्हणजे फिनाईलच्या बाटलीचं झाकण. प्यादी डोळ्यांच्या औषधाची. वजीर सरबताच्या बाटलीचा, लाल. तो सेट अजून तिच्या कपाटात आहे. त्यातला एक उंट साच्यातच वाकडा झालेला आहे.

मी तिला काकी म्हणते. ती मला नमू म्हणते. मी मराठी घेऊन एमए केलं, त्याचं तिला काही विशेष वाटत नाही. तिला माझ्याबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. माझ्याकडे लॅपटॉप आहे.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात संध्याकाळी बुद्धिबळाचा क्लब भरतो. मालवणजवळच्या सावंतांच्या एका गावाच्या मुंबई मंडळाने तो सुरू केला. त्यामुळे क्लबात जो तो सावंत. सेक्रेटरी नंदकुमार, म्हणजे सगळ्यांचे नंदूभाऊ, तेही सावंतच. दरवर्षी मुलुंडला उपनगरांची सांघिक स्पर्धा असते. प्रत्येक संघात चार जण, आणि चौथ्या पटावर बाई हवी असा नियम आहे. आमच्या क्लबाकडून ती बाई म्हणजे काकी. क्लबात दुसरी बाईच नव्हती.

यंदा प्रांजल आली. कॉलेजात शिकते, मोबाइलवर खेळून तयार झालेली, चांगली मुलगी आहे.

नंदूभाऊंनी त्याच सुमारास एक मोठं काम हातावेगळं केलं होतं. बुद्धिबळाच्या डावांचा डेटाबेस ठेवणारं एक सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात त्यांनी क्लबाचे सगळे जुने डाव एकट्याने टाइप करून भरले. कुणाचे किती डाव, किती जिंकले, कोणत्या सुरुवातीत हरले, सगळं एका बटणावर. संघनिवडीच्या बैठकीत त्यांनी ते ऑफिसच्या टीव्हीवर लावलं. मी काकीला सोबत म्हणून गेले होते.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," नंदूभाऊ म्हणाले. "मी बोलत नाहीये, कॉम्प्युटर बोलतोय."

पडद्यावर नाव होतं एस. सावंत. पुढे आकडा. शंभरात एकतीस.

"काकी, एकतीस म्हणजे नापास!" सुशांत मागून ओरडला. हा काकीचा पुतण्या.

"तू दहावीला किती वेळा बसलास रे?" काकीने मान न वळवता विचारलं.

सगळे हसले. काकी हसली नाही. ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. पडद्यावर एक डाव उघडा होता. तिने एका सोंगटीवर बोट ठेवलं.

"नंदूभाऊ, हा डाव माझा नाही."

"वहिनी, वर लिहिलंय ना, एस. सावंत."

"लिहिलं असेल. मी आयुष्यात घोडा कोपऱ्यात बसवला नाही."

"मग हा एस. सावंत कोण?"

सुशांत सावंत पंख्याकडे बघायला लागला. त्याच्या शेजारी सिद्धेश सावंत बसला होता, त्याच्या शेजारी सदातात्या सावंत.

नंदूभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी सगळी नावं मराठीत, पूर्ण टाइप केली होती. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. मग त्यांनी इंग्रजीत, एका अक्षरात काम भागवलं. चार सावंतांचा एक सावंत झाला, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"तरीपण वहिनी," ते सावरून म्हणाले, "प्रांजलला संधी द्यायला हवी."

"द्या की. आधी माझा आकडा मला द्या. मग तिचा-माझा एक डाव लावा. जिंकेल ती मुलुंडला जाईल."

"आणि बरोबरी झाली तर?"

"तर तिला पाठवा. मला अर्धी खुर्ची नको."

घरी येताना मी म्हटलं, "काकी, बरोबरीचं कशाला बोललीस?"

"तोंडातून गेलं," ती म्हणाली. "आता गेलं ते गेलं. तुझा लॅपटॉप कधी मोकळा असतो?"

दुसऱ्या दिवसापासून ती नंदूभाऊंची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आमच्याकडे यायला लागली. तिने कधी कॉम्प्युटर हाताळला नव्हता. मी सॉफ्टवेअरबद्दल काहीच जाणत नव्हते. आम्ही दोघी मदतीची पानं वाचत बसायचो. मी मराठी करून सांगायची, ती ऐकून घ्यायची आणि मग तिला हवं तेच बटण दाबायची.

पहिली संध्याकाळ फुकट गेली. आम्ही बरीच नावं बदलली, पुन्हा उघडलं तर सगळं पूर्वीसारखं. फाइल झिपमधूनच, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यातूनच, उघडली होती. तशी उघडली की ती नुसती वाचता येते, बदल टिकत नाहीत. काकीने लॅपटॉपला एक शिवी दिली. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं. काही नाही, म्हटलं.

प्रश्नचिन्हांचं कारणही सापडलं. नंदूभाऊंकडे कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली खूप जुनी आवृत्ती होती. तिला देवनागरी कळत नव्हती. मी नवी उतरवली. मग डाव साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढले, ती फाइल युनिकोडमध्ये सेव्ह केली आणि नव्या डेटाबेसात भरली. काकीने पहिलं नाव स्वतः टाइप केलं. एकेक अक्षर शोधत. सुगंधा सावंत. फाइल बंद करून परत उघडली. नाव तसंच होतं.

"बघ," ती म्हणाली. "येतं की मराठी याला."

आणि लगेच तिने नाव बदलायच्या खिडकीत 'सगळीकडे बदला' दाबलं. मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. क्लबातले सगळे एस. सावंत सुगंधा सावंत होऊन बसले. सदातात्यासुद्धा. काकी इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी आधीच फाइलची एक प्रत करून ठेवली होती म्हणून वाचलो.

मग डाव वेगळे करायचे होते. ज्या वह्यांवरून नंदूभाऊंनी डाव भरले त्या त्यांनी रद्दीत दिल्या होत्या, त्यामुळे कोणता कुणाचा हे आता कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकी एकेक डाव पटावर चालवून बघायची. कधी मध्येच थांबून म्हणायची, हा माझा. कधी म्हणायची, हा सुशांतचा, पोरगा शह दिल्याशिवाय राहत नाही. खात्री नसेल तर फोन लावायची. स्पीकरवर.

"सुशांत, गणपतीच्या स्पर्धेत उंट फुकट घालवून कोण हरलं रे?"

"मी नाही काकी. आईशप्पथ."

"आणि त्याच स्पर्धेत सोळा खेळ्यांत मात कुणी दिली?"

"ती मी!"

सिद्धेशचंही तेच. सदातात्यांना फोन केला तर ते मालवणीत उसळले.

"गो सुगंधा, ह्या वयात माका हरलेलो डाव कित्याक आठवतलो?"

"आणि जिंकलेले आठवतात?"

"ते सगळे आठवतत. लिही, माझेच ते."

असं करत जिंकलेल्या प्रत्येक डावाला मालक मिळाला. एकेका डावाला दोन-दोन. हरलेले डाव मात्र कुणाचेच नव्हते. ते पडद्यावर उरले, एस. सावंत नावाचे. काकीने ती यादी वरून खाली वाचली. मग तिने त्यातले आपले डाव उचलायला सुरुवात केली. हा माझा. हाही माझाच. हा तर माझा नक्की, त्या दिवशी मला ताप होता. मी म्हटलं, "काकी, हा सोड ना. कुणाला कळतंय?"

"मला," ती म्हणाली. "आणि तो नको लावूस माझ्या नावावर. तो सुशांतचा आहे. माझी हार मी घेईन, त्याची कशाला घेऊ?"

सगळं झाल्यावर मी तिचा अहवाल काढला. शंभरात सव्वीस. बाकीचे सावंत तिला वर ओढत होते.

"खाली आला?" तिने विचारलं.

"हो."

"किती?"

मी सांगितलं. तिने मान हलवली. "येऊ दे. माझा आहे ना?"

मला वाटलं होतं ती आता थांबेल. ती दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, आता फक्त हरलेले लाव. आम्ही ते एकामागून एक चालवले. तिसऱ्या-चौथ्या डावाला ती थबकली. "इथे मी वजीर का मारला?" पुढच्या डावात परत. "इथेपण?"

सॉफ्टवेअरमध्ये एक शोध आहे. पटावर काय शिल्लक आहे त्यावरून डाव निवडून देतो. मी त्याला सांगितलं, दोन्ही वजीर लवकर पटावरून गेलेत असे डाव दाखव. काकीचे हरलेले जवळजवळ सगळे डाव त्यात आले. डाव रंगायच्या आतच वजिरावजिरी. पुढे पट रिकामा, आणि रिकाम्या पटावर काकी सावकाश हरलेली.

मला ते नीट कळलं नाही. मी विचारलं, "वजीर ठेवायची भीती वाटते का गं तुला?"

ती हसली. "भीती कसली? क्लब किती वाजता भरतो?"

"सातला."

"आणि हे जेवतात कधी?"

"आठ-साडेआठला."

"वजीर पटावर असला की डाव लांबतो," ती म्हणाली. "वजीर मारला की आटपतो. जिंको, हरो, आटपतो. मला वाटायचं हा माझा खेळ आहे. खेळ कसला, भाकऱ्या आहेत त्या."

तिने लॅपटॉपचं झाकण स्वतः बंद केलं.

प्रांजलशी डाव शनिवारी होता. निघताना काकीने काकांना सांगितलं, "आज भात-आमटी तुम्ही करा." काका पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "मीठ किती?" काकी म्हणाली, "चाखून बघा," आणि चपला घातल्या.

ऑफिसात सगळे सावंत जमले होते. नंदूभाऊंनी घड्याळ लावलं. प्रांजल पाया पडायला वाकली, काकीने तिला वरच्या वर धरलं. "आता नको. नंतर बघू कोण कुणाच्या पडतं."

मला बुद्धिबळातलं थोडंच कळतं. पण वजीर कुठे आहे तेवढं मी बघत होते. सुरुवातीला प्रांजल भराभर खेळत होती. काकी तिच्या सवयीपेक्षा हळू. तासाभराने दार लोटून काका आत आले. हातात पळी होती.

"सुगंधा, आमटीत घालूची कोकमाची सोलां खंय ठेवलंस गो?"

सुशांत फिसकन हसला. काकीने पटावरून नजर काढली नाही.

"वरच्या फळीवर, निळ्या डब्यात. आता जा."

काका गेले. आणि त्याच वेळी प्रांजलने आपला वजीर काकीच्या वजिरासमोर आणून ठेवला. मार हवा तर. काकीचा हात उठला. तो वजिरापर्यंत गेलासुद्धा. तिने वजीर उचलला आणि एक घर मागे ठेवला.

पुढे तिचं अवघड झालं. एक प्यादं गेलं, मग अजून एक. प्रांजलने तिच्याकडे बघितलं. मुलीला खरंच वाईट वाटत होतं.

"काकी, बरोबरी?"

"बरोबरी म्हणजे तू मुलुंडला. मी कशाला हो म्हणू?"

"पण तुमचा पट वाईट आहे."

"असू दे. खेळ."

"वहिनी," नंदूभाऊ हळूच म्हणाले, "चांगली बरोबरी आहे. मानाने..."

"नंदूभाऊ, डाव चालू असताना बोलायचं नाही. नियम तुम्हीच लावलाय भिंतीवर."

जिंकत आल्यापासून प्रांजल एकेका खेळीवर खूप वेळ घालवत होती, आता तिचं घड्याळ संपत आलं होतं. तिने घाईत राजासमोरचं प्यादं पुढे ढकललं. काकीचा वजीर अजून पटावर होता. तो पट ओलांडून गेला आणि त्याने शह दिला. मग दुसरा. मग प्रांजलने मनगटातलं ब्रेसलेट फिरवत पट पाहिला, घड्याळ पाहिलं आणि राजा आडवा केला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सदातात्या तेवढे म्हणाले, "सावंतांचो वजीर आसा तो." काकीने प्रांजलच्या डोक्यावर हात ठेवला. "मुलुंडला ये बघायला. माझ्या बाजूला बस." घरी आमटी खारट झाली होती. तिने ती दोनदा वाढून घेतली.

सकाळी मी तो डाव डेटाबेसात भरला आणि कॉम्प्युटरकडून तपासून घेतला. तो म्हणत होता, प्रांजलने बरोबरी विचारली तेव्हा काकी साफ हरलेली होती. मी तिला दाखवलं.

"त्याला काय माहीत?" काकी म्हणाली. "त्याच्यावर घड्याळ होतं का?"

मुलुंडला पहिल्या फेरीत ती घाटकोपरच्या एका मुलीशी खेळली. दोन्ही वजीर शेवटपर्यंत पटावर राहिले. डाव इतका लांबला की बाकीचे तिघे खेळून, वडापाव खाऊन परत आले. ती हरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडे आली, लॅपटॉप पुढे ओढला आणि मला बाजूला सरकवलं. नावाच्या रकान्यात एका बोटाने टाइप केलं, सुगंधा सावंत. खाली निकालाच्या जागी शून्य टाकलं. सेव्ह केलं. फाइल बंद करून परत उघडून बघितली.

"आहे," ती म्हणाली. "आता मला सांग, इथे हत्ती आधी आणायला हवा होता का?"