दगडावर नसलेलं नाव

मृतांच्या दिवशी गावच्या चर्चमागच्या दफनभूमीत सासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि सवयीने इतर दगड वाचत फिरलो. एका लहानशा कबरीवरची ओळ आवडली, म्हणून फोटो काढला. तिथे फुलं वाहणारी म्हातारी म्हणाली, "काय लिवलंय रे बाबा? माझी लेक हाय. मला वाचता येत नाय."

मी वाचलं. मुलीचं नाव, बापाचं नाव, देवाच्या बागेतलं फूल.

"आन् माझं? मार्था?"

ते कुठेच नव्हतं. कबरींवरचे शब्द मी वर्षानुवर्षं वाचत आलो. त्यांतून कोण गाळलं गेलं, हे कधी पाहिलंच नव्हतं.

"आहे ना," मी म्हणालो.

"कुठं? दाखव."

मी तिचं बोट धरून तिच्या नवऱ्याच्या नावावर ठेवलं. ती त्या अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवत राहिली, आणि मला मान वर करवेना.