राजारामपुरीतलं सरकतं दार

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळत आलोय. म्हणजे कुणाला सांगितलीच नाही असं नाही... अर्धी सांगितली. माझ्या सोयीची अर्धी. उरलेली आज लिहितो, कारण आता ‘पुढे कधीतरी बघू’ म्हणण्यासारखं वय राहिलेलं नाही.

आधीच सांगतो — भूत, करणी, नजर असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव वाचून मी बहुतेक वेळा हसतो आणि पान उलटतो. तरीही मी एकदा एका बाईला चार जणींसमोर ‘नजर’ हा शब्द ऐकवला होता. विश्वास नसताना.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही मूळचे आजऱ्याचे. मी कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि लग्नानंतर राजारामपुरीत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली मालक राहायचे, काका आणि इंदूकाकू. काकांचा गुळाचा व्यापार, काकूंचं माहेर नेसरीचं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

तेव्हाची राजारामपुरी फार शांत होती. दुपारी एखादा टांगा गेला तर घोड्याच्या टापा पार कोपऱ्यापर्यंत ऐकू यायच्या. गुळाचा हंगाम सुरू झाला की काकांच्या कपड्यांना, पायरीला, अगदी जिन्याच्या कठड्यालाही गोड वास यायचा. सकाळी आभाळ स्वच्छ असलं तर गॅलरीतून जोतिबाचा डोंगर दिसायचा. संध्याकाळी मी आणि सुमन — माझी बायको — रंकाळ्यावर चालत जायचो, आणि परत आलो की जिन्याच्या पायरीवर झाकलेलं पातेलं असायचं. खालून काकूंचा आवाज :

“सुमन, रस्सा ठेवलाय बघ! तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पाणी घालू नगंस त्यात!”

भाडेकरू-मालक असं ते घर नव्हतंच.

त्या घराचं एक वेगळेपण होतं, गॅलरीचं सरकतं दार. काकांनी मुंबईत कुठल्याशा पाहुण्याकडे तसलं दार पाहिलं होतं, आणि हट्टाने सुतार बसवून आमच्या मोठ्या खोलीला सागवानी चौकटीचं, काचेचं, रुळावर चालणारं दार करून घेतलं होतं. खिडक्याही तशाच, बाजूला सरकणाऱ्या. अख्ख्या गल्लीत दुसरीकडे नव्हत्या. आल्यागेल्याला काका वर आणून दाखवायचे. दार जड होतं. सरकवायला दोन्ही हात लागायचे, आणि सरकताना घर्रर्र असा आवाज व्हायचा की खालपर्यंत कळायचं. पण त्याची कडी कधी नीट बसलीच नाही. लाकूड वाळून आकसलं होतं, बाहेरून जोर दिला की दार सुटायचं.

“काका, आतून एक बोल्ट मारून घेऊ का?” मी विचारलं होतं.

“सागवान हाय त्ये! खिळा मारायचा न्हाई. भिंतीत काय मारायचं त्ये मार, दाराला हात लावायचा न्हाई.”

मग सुतारानेच युक्ती सांगितली. फावड्याचा जुना दांडा मापात कापून दाराच्या मागे, खालच्या रुळाच्या खाचेत आडवा टाकायचा. दार सरकायला जागाच उरत नाही. मी तसं केलं. खिडक्यांच्या खाचांतही लाकडाचे तुकडे घातले. खिळा नाही, भोक नाही, आणि घर बंद.

त्या हिवाळ्यात सुमन बाळंत झाली. मुलगी. तिच्या माहेरी आजारपण चालू होतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं आणि आजऱ्याहून माझी आई आली. आईची शिस्त कडक. बाळंतिणीला वारं लागता कामा नये. डोक्याला फडकं, कानात कापूस, खाटेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर ओवा आणि वावडिंगाची धुरी. तेव्हा सगळीकडे हेच चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. गॅलरीच्या दाराच्या फटीतून वारं येतं म्हणून आई रोज कुरकुरायची.

आणि मग दार उघडं सापडू लागलं.

पहिल्यांदा आईला वाटलं मीच दांडका घालायला विसरलो. दुसऱ्यांदा मी स्वतः खात्री करून कचेरीत गेलो होतो. परत आलो तर दार चार बोटं सरकलेलं, आणि दांडका खाचेतून काढून कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा केलेला. पडलेला नव्हे, उभा केलेला. गॅलरी वरच्या मजल्यावर. खालून जिना नाही, जवळ झाड नाही. आणि बाहेरून कुणी आलं तरी आतला दांडका काढणार कसा? सुमन म्हणाली, “माझा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा उघडंच होतं.” आई दुपारी मधल्या खोलीत पडायची. तिलाही कळलं नव्हतं.

जिन्याच्या दाराची डुप्लिकेट किल्ली काकूंकडे असायची. आईने दोन अधिक दोन केले.

“तीच येतीया. पोरगी बघाय. मूल न्हाई तिला, दुसऱ्याच्या लेकराचा सोस सुटत नसतोय,” आई म्हणाली. “आन् उघड्यावर टाकून जातीया लेकराला. हेतू बरा न्हाई, सांगून ठेवते.”

मी आईला गप्प करायला हवं होतं. शिकलेला होतो, सरकारी नोकरीत होतो. पण त्याच आठवड्यात पोरीला सर्दी झाली, रात्रभर ती रडत होती, आणि माझं डोकं फिरलं.

खाली गेलो तेव्हा काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. शेजारच्या तीन-चार बायका बसलेल्या.

“या साहेब,” काकू हसल्या. “राजकन्या काय म्हणतीया?”

“काकू, तुम्ही वर येऊन दार उघडता का?”

“मी? मी कशाला उघडू? बोलावल्याबिगर बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं न्हाई मी.”

“मग किल्ली कुणाकडे आहे दुसरी? तुम्हाला मूल नाही म्हणून आमच्या मुलीवर डोळा ठेवता का? तिला नजर लावून काय मिळणार आहे तुम्हाला?”

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्यासमोर पायरीवर ठेवली.

“घे दिनकरा. आता दार उघडलं तर मला इचारू नगंस.”

दुसऱ्या दिवशी त्या नेसरीला निघून गेल्या. मला बरंच वाटलं. रविवारी मी घर आणखी पक्कं केलं. जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून दाराच्या, खिडक्यांच्या फटींत चाकूच्या टोकाने ठासून भरल्या. दांडका आत घट्ट बसवला, वर पाचर मारली. आईने बोट लावून पाहिलं. “आता वाऱ्याचा बाप येत न्हाई,” ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी आई अंबाबाईला गेली. सुमन आणि पोरगी झोपलेल्या, म्हणून जाताना आईने शेगडीत नवे कोळसे घातले, खोलीचं दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या आमच्याकडेच होत्या — एक तिच्या पिशवीत, एक माझ्या खिशात.

मी कचेरीतून येत होतो, ती देवळातून. कोपऱ्यावरच गाठ पडली. घराकडे येताना वर पाहिलं तर गॅलरीचं दार उघडं. चार बोटं नव्हे, सताड. पडदा बाहेर फडफडत होता.

कुलूप जसंच्या तसं. आम्ही धावत वर गेलो. पोरगी ताठ होऊन रडत होती. सुमन शुद्धीत होती-नव्हती, ओठ विचित्र लाल, मान उचलता येत नव्हती. काका ओरडा ऐकून वर आले आणि तसेच डॉक्टरांना आणायला पळाले. डॉक्टर फटकळ माणूस. शेगडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

“खोली बंद करून कोळसा पेटवताय? जहर असतं ते. हे दार उघडं होतं म्हणून दोघी आहेत. नाहीतर मला कशाला बोलावलं असतंत?”

ते बोलत असताना मी कोपऱ्याकडे बघत होतो. दांडका भिंतीला टेकून उभा होता. पाचर शेजारी. आणि फटींतल्या सगळ्या चिंध्या काढून फळीवर ठेवल्या होत्या. त्यांच्या घड्या घातलेल्या... बाळाच्या लंगोटांच्या घालतात तशा, एकावर एक.

सुमनला बोलता आल्यावर मी विचारलं, तू उठलीस का? ती म्हणाली, “हातच उचलत नव्हता. डोळे उघडत नव्हते. दार सरकल्याचा आवाज आला, तो घर्रर्र. मी म्हटलं, काकू आल्या.”

मी काकांकडे वळलो.

“ती नेसरीला हाय की,” काका माझ्याकडे न बघता म्हणाले. “अजून आली कुठं?”

यावर मी पुष्कळ डोकं खाजवलंय. ग्लानीत सुमनच उठली असेल? बाळंतपणाचे टाके होते, आधाराशिवाय तिला बसताही येत नव्हतं, आणि ती आजही ठामपणे नाही म्हणते. समजा उठली, तर ती ठासलेली पाचर? त्या घड्या? त्या दिवसानंतर दार कधी आपोआप उघडलं नाही. आम्हीही ते परत पूर्ण बंद केलं नाही.

पण उत्तर नव्हतं तरी एक गोष्ट त्याच दुपारी स्पष्ट झाली होती. काकूंनी काही केलेलं नव्हतं.

त्या पंधरवड्याने परत आल्या. मी जिन्यात समोर आलो की पदर सावरून बाजूला व्हायच्या. पायरीवरचं पातेलं बंद झालं. मी रोज ठरवायचो, आज बोलू. आई म्हणायची, “आता उकरून काढू नगंस. चार बायकांत तूच खोटा पडशील.” तेच तर होतं. गल्लीत बोभाटा झाला होता. ‘भाडेकरणीच्या पोरीला नजर लावली’ — बारशाला त्यांना कुणी बोलवेना. आम्हीही बोलावलं नाही. मी एका शब्दाने खुलासा केला असता तर ते थांबलं असतं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि आम्ही घर सोडलं. नंतरही कुणी विषय काढला की मी सांगायचो ती हीच अर्धी गोष्ट. मालकीण बाई जरा विचित्र होती, किल्ली घेऊन वर यायची.

काका गेल्यावर काकू नेसरीला भाच्याकडे राहत होत्या. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिका घेऊन एकटाच गेलो. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी आवाजावरून ओळखलं. चहा झाला, पोहे झाले. मी शब्द जुळवत होतो, तोच त्या म्हणाल्या,

“तवा दार कुणी उघडलं, कळलं का रं?”

“नाही काकू.”

“मग मीच उघडलं म्हण की!” त्या बोळक्या तोंडाने हसल्या. “कुणीतरी उघडाय पायजेच हुतं. पोरगी जगली न्हवं?”

मी मान हलवली. बाहेरून भाचा ओरडला, “पावणं, यष्टी आली बघा!” आणि मी उठलो. पाया पडलो, ‘येतो’ म्हणालो, बसमध्ये बसलो. त्याच पावसाळ्यात काकू गेल्या.

काकू, तुम्ही वर आला नव्हता. मला ते त्याच दुपारी कळलं होतं. अंगणात चार बायकांसमोर मी तुम्हाला जे बोललो, ते त्याच बायकांसमोर परत घ्यायला हवं होतं. माझं चुकलं.